राळेगावची काठी, हैदराबादची काठी

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलची सूर्यमाला हमखास असते. शनीला कडं, गुरूला पट्टे, मोटरवर फिरणारी पृथ्वी. दिसायला झकास, पण तिच्यात मोजण्यासारखं काही नसतं. राळेगावच्या नववी-दहावीच्या मुलांना त्याहून सरस प्रकल्प नकाशानेच देऊन ठेवला आहे. हैदराबाद त्यांच्या जवळजवळ नेमकं दक्षिणेला आहे. दोन्ही ठिकाणं ७८.५ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास, त्यामुळे मध्यान्हही दोन्हीकडे एकदमच होते.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात एरॅटोस्थेनिसने सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढला. त्याच्या आस्वान आणि अलेक्झांड्रियाच्या रेखांशांत मात्र ३ अंशांचा फरक होता. राळेगावकर त्याच्याहून नशीबवान!

राळेगावचा अक्षांश सुमारे २०.४. २२ मेच्या आगेमागे सूर्य तिथे बरोबर डोक्यावर येतो आणि सव्वाबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्याच वेळी हैदराबादेत मीटरभर काठीची सावली दक्षिणेकडे ५ सेंटिमीटरहून किंचित जास्त पडते. म्हणजे कोन ३ अंश, वर्तुळाचा १२०वा भाग. सरळ अंतर सुमारे ३३५ किलोमीटर; गुणाकार ४०,२००. खरा परीघ ४०,००० किलोमीटरच्या आसपास आहे.

पण मे महिन्यात शाळा बंद, आणि २२ जुलैच्या आसपास सूर्य पुन्हा डोक्यावर येतो तेव्हा विदर्भात ढग. अडून बसायचं कारण नाही. डिसेंबरअखेर मध्यान्हीची सावली राळेगावात साधारण ९६ सेंटिमीटर, हैदराबादेत ८६. दोन्हींचे कोन काढून वजा केले की तेच ३ अंश.

खरी कसोटी सावलीच्या कडेशी लागते. सूर्याची तबकडी अर्ध्या अंशाची, म्हणून कड पुसट पडते. ३ अंशांत अर्ध्या अंशाची चूक फार झाली. काठीच्या टोकाला बारीक भोकाचा पुठ्ठा आडवा लावावा आणि जमिनीवर पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य खुणावा. भोकाच्या बरोबर खालची जागा गवंड्याच्या ओळंब्याने ठरवावी. अंतर तिथून मोजायचं.

राहिलं गावांमधलं अंतर. मोबाइलच्या नकाशावरून घेतलं तर ती थोडी लबाडीच, कारण तो आकडा पृथ्वीचा आकार धरूनच काढलेला असतो. वडकीवरून जाणारा महामार्ग ४४ हैदराबादला पोचतो. त्याचे किलोमीटर घ्यावेत. वळणांमुळे परीघ फुगून येईल. किती फुगला, तेही तक्त्यावर मांडावं.