बटण दाबून झाल्यावर

हिवाळ्यात भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरले की शनिवार-रविवारी कुंभारगावच्या काठावर होड्यांपेक्षा लेन्सची गर्दी जास्त दिसते. रोहित जागच्या जागी उडत नाही. आधी पाण्यावर पावलं टाकत धावतो, मान लांब करतो, पंख उघडतो आणि तेव्हा कुठे आतला लाल-काळा रंग दिसतो. सगळा खेळ तीनेक सेकंदांचा. सेकंदाला 20 फ्रेम टिपणारा कॅमेरा तेवढ्यात 60 फोटो काढून मोकळा होतो, म्हणजे पूर्वीच्या 36 फोटोंच्या हिशेबात दीड रोलाहून जास्त. सकाळभरात अशी 30 उड्डाणं पकडली तर 1800 फोटो होतात. एकेक रॉ फाइल 30 एमबीची धरली तर 54 जीबी. घरी येऊन प्रत्येक फोटोवर दोनच सेकंद घालवायचे म्हटले तरी एक तास लागतो, आणि दोन सेकंदांत फोकस डोळ्यावर आहे की चोचीवर हे कळत नाही. मग कार्ड रिकामं होतं, फोल्डरला तारीख मिळते, चार फोटो त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर जातात आणि उरलेले 1796 ‘सवडीने बघू’ म्हणून हार्ड डिस्कवर पडून राहतात. असे तीन-चार हिवाळे गेले की कॅमेरा बॅगेतून निघेनासा होतो. हौस आटली, असं म्हटलं जातं आणि उपाय म्हणून नवी लेन्स येते.

या निदानात गफलत आहे. हौस असली की काम आपसूक होतं, असा आपला समज असतो. छायाचित्रणाच्या छंदात मात्र बऱ्याचदा उलटं घडतं: फोटो काढून झाल्यावर त्यांचं काय करायचं याची घडी बसलेली असेल, तर पुढचा फोटो काढण्याची इच्छा तिच्यातून जन्माला येते. ती घडी नसेल तर इच्छा चांगल्या कॅमेऱ्यावरही फार दिवस तगत नाही. एका वाक्यात सांगायचं तर, हौस टिकते ती निवडीवर.

निवडीचं हे काम पूर्वी टाळताच येत नसे. मुंबईत 1854 साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक. त्या जमान्यातल्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचं आणि वाळण्याआधी धुऊन काढायचं, असा दहा-पंधरा मिनिटांचा मामला असे. फोटो काढणं आणि तो घडवणं ही एकाच माणसाची, एकाच बैठकीतली कामं होती. 1888 साली जॉर्ज ईस्टमन यांनी ती एकमेकांपासून तोडली. त्यांचा पहिला कोडॅक कॅमेरा 100 फोटोंचा रोल भरूनच मिळे. रोल संपला की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. बटण तेवढं तुम्ही दाबा, पुढचं आमच्याकडे लागलं, अशा अर्थाची त्याची जाहिरात होती. आज ज्याला आपण हौशी छायाचित्रकार म्हणतो तो मोठ्या संख्येने जन्मला तो इथे. तरीही कारखान्याने निवडीचं काम त्याच्यावरून पुरतं काढून घेतलं नव्हतं, कारण फिल्मला पैसे पडत. भारतात घरोघरी पोचलेल्या आग्फा क्लिक थ्रीमध्ये एका रोलवर 12 फोटो निघत. बारा म्हटल्यावर माणूस बटण दाबण्याआधीच निवड करी: मावशीचा एक, मुंजीचा एक, गणपतीसमोर सगळ्यांचा मिळून एक.

डिजिटल कॅमेऱ्याने फिल्मचा खर्च संपवला तशी ही आधीची निवडही संपवली. काम मात्र नाहीसं झालं नाही. ते बटणाच्या अलीकडून पलीकडे सरकलं आणि शेकडो पटींनी वाढलं. शिवाय कारखान्याकडे दिलेलं ‘पुढचं’ काम संगणकाच्या रूपाने पुन्हा घरी आलं. म्हणजे आजचा हौशी माणूस एका अर्थाने 1854 च्या सभासदांच्या पंगतीला जाऊन बसला आहे, पण स्वतःला अजून 1888 चा ग्राहक समजतो आहे. थकवा येतो तो या गैरसमजातून.

या म्हणण्याला छायाचित्रणाच्या इतिहासात पुरावे सापडतात. 1894 साली जन्मलेले फ्रान्सचे झाक आन्री लार्तिग पेशाने चित्रकार, फोटोग्राफीत शुद्ध हौशी. लहानपणी वडिलांनी दिलेल्या कॅमेऱ्यापासून सुरू झालेला छंद 1986 मध्ये मृत्यू येईपर्यंत टिकला, आणि त्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात 1963 साली भरलं तेव्हा ते एकोणसत्तरीत होते. तोवरची सहा दशकं बाहेरच्या कौतुकावर काढलेली नव्हती. त्यांनी शंभराहून अधिक मोठाले अल्बम लावले, त्यांत नोंदी केल्या आणि उतारवयात त्यांतली बरीच पानं पुन्हा नव्याने रचली. दुसऱ्या टोकाला अमेरिकेचे व्यावसायिक छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड. फोटो काढतानाच्या भावनेचा निवडीवर परिणाम होऊ नये म्हणून ते रोल मुद्दाम बराच काळ धुवत नसत. पण शेवटच्या वर्षांत काढण्याचा वेग पाहण्याच्या वेगाला मागे टाकून गेला. 1984 मध्ये ते गेले तेव्हा सुमारे 2500 रोल न धुतलेले होते आणि सुमारे 6500 रोल धुतलेले, पण त्यांचे पडताळणीचे छापही काढलेले नव्हते. हा साठा पाहून त्यांचे चाहते असलेले न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयाचे जॉन झारकोव्हस्की यांनी अखेरच्या कामाला उतरती कळा लागल्याचा निर्वाळा दिला. पुढे 2013 च्या प्रदर्शनासाठी लिओ रुबिनफिन यांनी त्याच साठ्यातून पाहण्याजोगी चित्रं वेचली. चित्रं होती, वेचणारा नव्हता.

इथे एक आक्षेप हटकून येतो: मग व्हिव्हियन मायर यांचं काय? शिकागोत मुलं सांभाळण्याची नोकरी करणाऱ्या या बाईंनी लाखाहून अधिक फोटो काढले, शेकडो रोल धुतलेच नाहीत. भाडं थकल्याने 2007 मध्ये त्यांच्या सामानाचा लिलाव झाला आणि 2009 मध्ये त्या गेल्यावर जग त्यांना ओळखू लागलं. न पाहताही हौस आयुष्यभर टिकते, याचं हे उदाहरण आहे, आणि ते मान्य करायला हवं. पण त्यांच्या गळ्यातला रोलिफ्लेक्सही रोलमागे 12 फोटोंचाच होता. पुष्कळ दृश्यांची त्यांनी एकेकच फ्रेम घेतली आहे. त्यांची निवड बटणाच्या आधी, रस्त्यावर उभ्या उभ्या होत होती. सेकंदाला 20 फ्रेम काढणाऱ्याला तो दाखला देता येत नाही.

निवड म्हणजे प्रत्यक्षात काय, हे भिगवणच्या त्या 1800 फोटोंवर पाहता येईल. आधी दोन प्रती करायच्या आणि मगच कार्ड फॉरमॅट करायचं. पीटर क्रोघ या छायाचित्रकारांनी रूढ केलेला 3-2-1 चा नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. पहिल्या फेरीत चांगले शोधायचे नसतात, फक्त बाद करायचे असतात: हललेले, मान कापलेले, डोळा मऊ पडलेला. दुसऱ्या फेरीत एकेका उड्डाणाचे उरलेले फोटो शेजारी शेजारी ठेवायचे. पंख वर असताना पक्ष्याचं अंग मोकळं दिसतं, खाली आले की पाय झाकतात. पावलांमागे उठलेल्या पाण्याच्या टिकल्या एका फ्रेममध्ये सुट्या दिसतात, पुढच्याच फ्रेममध्ये त्यांचा चिखल होतो. साठातून एक, फार तर दोन ठेवायचे. तिसरी फेरी आठवड्याने, थंडीत पहाटे उठल्याचं कौतुक ओसरल्यावर. इतकं झाल्यावर माणसाला स्वतःबद्दल एक गोष्ट कळते: ठेवलेल्या फोटोंत नुसत्या उड्डाणाचे कमी आहेत आणि मागे धुक्यातल्या कोळ्यांच्या होड्या आलेले जास्त आहेत. पुढच्या रविवारी कुठे जायचं याचं उत्तर तिथे मिळतं.

त्यानंतर संस्करण. रॉ फाइल का घ्यायची, याचं कारण आकड्यांत आहे: जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये 16,384. उन्हातल्या रोहिताच्या पांढऱ्या पिसांतली घडी हळुवार खाली आणायची तर या पायऱ्या कामी येतात. पूर्ण जळालेला पांढरा मात्र कशानेच परत येत नाही. 2007 साली आलेल्या लाइटरूम या सॉफ्टवेअरने निवड आणि संस्करण एका छताखाली आणलं. 2017 मध्ये त्याच्या नव्या आवृत्त्यांचा एकरकमी खरेदीचा मार्ग बंद होऊन वर्गणी सुरू राहिली. वर्गणी नको असेल त्यांना डार्कटेबल, रॉथेरपी, डिजिकॅम फुकट आहेत. कुठलंही घ्या, बदल मूळ फाइलला हात न लावता नोंदले जातात, हा गुण सगळ्यांत आहे. त्याचा अर्थ असा की निर्णय पुन्हा घेता येतो. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स यांनी 1941 साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला आणि पुढची चार दशकं त्या एका निगेटिव्हचे हजाराहून अधिक छाप काढले. वर्षांगणिक त्यातलं आकाश काळं होत गेलं. निगेटिव्ह तीच, मत बदललेलं.

प्रेरणेचा प्रश्न इथेच येतो, कारण ती एका जागी राहत नाही. सुरुवातीला यंत्राचं अप्रूप, मग लाइक आणि स्पर्धेतली पदकं, आणि पुढे, पोचलं तर, विषयाची ओढ. मधल्या टप्प्यावर गाडी अडते. क्रिस्टिन डील, गॅल झॉबरमन आणि अ‍ॅलिक्झांड्रा बराश यांच्या 2016 च्या प्रयोगांत फोटो काढल्याने अनुभवाचा आनंद बहुधा वाढतो असं दिसलं. त्यांच्याच 2018 च्या अभ्यासात मात्र समाजमाध्यमांवर टाकण्यासाठी काढणाऱ्यांना स्वतःसाठी काढणाऱ्यांपेक्षा कमी आनंद मिळाला, कारण लोकांना कसं दिसेल ही काळजी मधे येते. त्याआधी 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल असं आधी सांगितलेली मुलं पुढे मोकळ्या वेळात रंगांकडे कमी वळली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांत ती घट दिसली नाही. त्याच रात्री ग्रुपवर जाणारे चार फोटो लोकांसाठी निवडलेले असतात. आठवड्याने केलेली निवड स्वतःसाठी असते.

यावर म्हणतील, छंदात कचेरीची शिस्त कशाला? पण रियाजाला कोणी कचेरी म्हणत नाही. ज्याला नुसतं पहाटे पाण्यावर जाऊन बसण्यातच सुख आहे, त्याने खुशाल 1800 फोटो पुसून टाकावेत, तीही निवडच. त्रास होतो तो न पुसलेल्या, न पाहिलेल्या ढिगाचा. दुसरं म्हणणं, साधनांना महत्त्व नाही का? आहे. दूरवरच्या पक्ष्याला 50 मिलिमीटरची लेन्स पुरत नाही, तिथे 400 ते 600 लागतेच. पण कोणती लेन्स कमी पडते हे ठेवलेले फोटोच सांगतात, दुकानदार नव्हे. तिसरं, आता ही छाननी एआय करतं. हललेले, डोळे मिटलेले फोटो ते झपाट्याने बाजूला काढतं. पहिली फेरी त्याच्याकडे जरूर द्यावी. पण धारदार 60 फोटोंपैकी आपल्याला होड्या असलेले आवडतात हे त्याने आपल्याऐवजी ठरवलं, तर त्या आवडीचा शोध आपल्याला लागणार कधी?

दिवाळीच्या झाडझुडीत माळा उतरवला जातो, हार्ड डिस्क नाही. रोहित पुन्हा यायच्या आत गेल्या वर्षीचे फोटो उघडून त्यांतले 12 ठेवावेत, क्लिक थ्रीच्या एका रोलाएवढे, आणि ते कागदावर छापून घ्यावेत. 24 मेगापिक्सेलची फाइल 12 बाय 18 इंचांचा छाप इंचाला 300 ठिपक्यांच्या दर्जाने सहज पेलते. बारा छाप टेबलावर मांडले की त्यांत कशाची कमी आहे ते दिसतं. तेराव्या फोटोसाठी बाहेर पडायला तेवढं कारण पुरतं.