दर कळला, आराखड्याचे काय?

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. तेव्हापासून या जिल्ह्यातल्या कुरुंद्यासारख्या गावांत सरकारी पैशाने जे उभे राहिले, ते कोणी बांधले हे निविदेच्या फाइलीत सापडते. कोणी योजले, हे क्वचितच. या काळात खरेदीचे नियम सुधारले, हे नाकारण्यात अर्थ नाही. कागदी लिफाफ्यांची जागा ई-निविदेने घेतली. २०१५ मध्ये राज्य सरकारची निविदेऐवजी दरकरारावर केलेली चिक्की खरेदी वादात सापडली आणि १ डिसेंबर २०१६ रोजी राज्याची नवी खरेदी नियमपुस्तिका आली. पण या सगळ्या सुधारणांनी एकच प्रश्न धारदार केला: सर्वांत कमी दर कोणाचा? खुर्चीपुरता तो योग्यच, कारण खुर्चीचे वर्णन आधी लिहिता येते. आराखड्याचे तसे नाही. तो तयार होईपर्यंत त्याचे वर्णनच नसते. दरसूचीत विटेला, सिमेंटला दर आहे. पाणी कुठून शिरते हे पाहत गावात घालवलेल्या आठवड्याला नाही. मग नमुना नकाशा उचलला जातो. जुलै २०२२ च्या पुरात कुरुंदा गावात पाणी शिरले. जोते किती उंच हवे, हे असा नकाशा कुठून सांगणार? पैसा देण्याची रीत बदलली की रचना बदलते, हे मराठवाड्याने १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पाहिले आहे. पूर्ण स्थलांतरित ५२ गावांना ठेकेदारांनी बांधलेल्या, आखीव रांगांच्या वसाहती मिळाल्या. दुरुस्तीच्या गावांत अनुदान घरमालकाच्या हाती आले आणि निर्णयही.

गुणवत्तेला गुण द्यायचे म्हटले की वशिल्याला दार उघडते, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. पण केंद्राचे २०१७ चे वित्तीय नियम सल्लासेवेत गुणवत्तेला ८० टक्क्यांपर्यंत वजन देऊ देतात, म्हणजे वाट बंद नाही. खरी अडचण पात्रतेत आहे. दिल्लीतल्या सेंट्रल व्हिस्टाच्या पुनर्विकासाचा सल्लागार निवडताना २०१९ मध्ये ८०-२० असेच सूत्र होते, तरी खुली संकल्पना-स्पर्धा का नाही, हा वाद मिटला नाही. उलाढालीची अट घातली की नांदेड-हिंगोलीचे तीन माणसांचे कार्यालय दारातच अडते, मग गुणांचे वजन कितीही असो. शुल्क आधीच ठरवून द्यावे, चुरस फक्त संकल्पनेवर व्हावी आणि प्रत्येक गुणामागचे कारण जाहीर करावे. लेखापरीक्षकाला आकडा वाचणे सोपे जाते, हे खरे. पण लिहिलेले कारणही तपासता येते, आणि सर्वांत कमी दराच्या मागे तर कारण विचारायची सोयच नसते.