न लिहिणाऱ्या कवयित्रीचं घर : जुन्या जळगावातला चौधरी वाडा

लेखकाचं घर बघायला गेलं की आपण काय शोधतो? टेबल, दौत-टाक, चष्मा आणि काचेखाली ठेवलेलं हस्तलिखित. खानदेशात असं कागदांचं वैभव बघायचं तर धुळ्याला जावं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यात वारले आणि त्यांनी जमवलेली दप्तरं सांभाळण्यासाठी पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. कागद राहिला तर माणूस राहतो, हा त्यामागचा विश्वास.

आता जळगावला या. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात बहिणाबाई चौधरींचं घर आहे. आज तिथे त्यांचं स्मृती संग्रहालय आहे. पण बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचं टेबल नाही, लेखणी नाही, हस्ताक्षर नाही. मग या घरात जपायचं काय? आज आपल्याला एवढ्याच प्रश्नाचा विचार करायचा आहे.

आधी वस्ती समजून घेऊ. जळगाव म्हटलं की रेल्वे स्टेशन, बाजारपेठ, केळी आणि सोनं डोळ्यांपुढे येतं. ते नवं जळगाव. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि खानदेशातल्या कापसाला एकदम भाव आला. रेल्वेही त्याच सुमारास आली. व्यापार वाढला, १९०६मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले आणि जळगाव पूर्व खानदेशचं मुख्य ठाणं बनलं. पण या शहराच्या पोटात मूळ गाव होतंच. शेतकऱ्यांची घरं, भाऊबंदकीचे वाडे, दारात बैलगाडी, असं ते गाव. इथे ‘वाडा’ म्हणजे पुण्यातला सरदाराचा चौसोपी वाडा समजू नका. आपल्याकडे एका कुळाची माणसं जिथे लगत लगत राहतात, त्यालाही वाडाच म्हणतात.

बहिणाबाई १८८०च्या नागपंचमीला असोद्याला, महाजनांच्या घरी जन्मल्या. असोदे जळगावपासून अगदी जवळ. वयाच्या तेराव्या वर्षी नथुजी चौधरींशी लग्न होऊन त्या या वाड्यात आल्या. १९१०मध्ये त्यांना वैधव्य आलं. पदरी तीन लेकरं, शेतीची कामं आणि घरचा रामरगाडा. ३ डिसेंबर १९५१ला त्या गेल्या, तोवर त्यांचं सगळं आयुष्य या घरात आणि शेतात गेलं.

आता एक तारीख लक्षात घ्या. १९०७ साली याच जळगावात कविसंमेलन भरलं. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या पोराने तिथे कविता म्हटली आणि त्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. त्या वेळी बहिणाबाई २७ वर्षांच्या होत्या आणि त्याच गावात राहत होत्या. त्यांना कोण बोलावणार? कवी म्हणजे लिहिणारा, हे तेव्हा सगळ्यांनी गृहीतच धरलेलं होतं.

आपण अजूनही तेच गृहीत धरतो. ‘निरक्षर असूनही केवढी प्रतिभा!’ असं आपण भाषणांत म्हणतो. त्यातल्या ‘असूनही’ या शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. बाईंकडे साधन नव्हतं असं नाही, त्यांचं साधन वेगळं होतं. जात्यावर बसलं की हाताला लय मिळते, लयीत ओवी बसते आणि बसलेली ओवी लक्षात राहते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या १ लाखाच्या वर जाते. म्हणजे बघा, ही केवढी मोठी शाळा होती! बहिणाबाई त्या शाळेत तयार झाल्या होत्या.

मग त्या लाखभर ओव्या रचणाऱ्या बाया कवयित्री म्हणून का ओळखल्या गेल्या नाहीत? याचं उत्तर या घरात आहे. इथे एकाच छपराखाली शब्द जपण्याच्या दोन रीती नांदल्या. आई तोंडाने रचत होती आणि मुलगा सोपानदेव स्वतः कवी झाला होता. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती गाणी उतरून घेतली. आईच्या पश्चात सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ला ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. तोवर बाई जाऊन वर्ष उलटत आलं होतं. घरात लिहून घेणारं कुणी नसतं तर? शेजारच्या घरांतही कुणी असंच रचत असेल. ते आपल्यापर्यंत आलं नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जपायचं काय? संग्रहालयात शेतीची अवजारं आहेत, स्वयंपाकाची भांडी आहेत, रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत. राजवाड्यांच्या दप्तरांना जो मान, तोच या वस्तूंना द्यायला हवा, कारण या कवितेचा शब्दकोश त्यांच्यातच आहे. त्यांची एक कविता आहे, ‘घरोट’. घरोट म्हणजे जातं. आजच्या मुलाला हा अर्थ तळटीपेत सांगता येतो. पण दगडावर दगड फिरतो तेव्हा निघणारा आवाज, खुंट्यावर पडणारा हाताचा भार, वैरणीचा घास टाकण्याची वेळ, हे तळटीपेत कसं सांगणार? ‘उपननी’, ‘रगडनी’ या कवितांचंही तसंच. खळंच पाहिलेलं नसेल, तर कवितेचा अर्धा भाग मुका राहतो.

आणि नुसती वस्तूही पुरत नाही. २०१८मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं, ही आनंदाची गोष्ट आहे. पण नाव मोठं होत असताना त्यांची लेवा गणबोली घराघरांतून कमी ऐकू येते आहे. जातं काचेआड सुरक्षित राहील. त्याला ‘घरोट’ म्हणणारं माणूस राहिलं नाही, तर तो नुसता दगड उरेल.

म्हणून एक विनंती करतो. चौधरी वाड्यात जाल तेव्हा पुस्तक बरोबर न्या आणि जात्याजवळ उभं राहून ‘घरोट’ मोठ्याने वाचा. तुमच्या घरी आजी असेल, तर तिला जात्याच्या दोन तळ्यांना, खुंट्याला, दळणाच्या घासाला ती काय म्हणायची ते विचारा. तिची एखादी ओवी तिच्याच आवाजात मोबाईलवर घेऊन ठेवा. सोपानदेवांना वही लागली होती. आपल्या तर खिशातच साधन आहे.