धर्मादाय खाटेचा हिशेब

जुन्या बाजारपेठांत आडत्याच्या पट्टीवर हमाली, तोलाई यांच्या खाली आणखी एक ओळ असे : धर्मादाय. शेकड्यामागे काही आणे कापून घेतले जात आणि त्यातून पाणपोई, गोशाळा, धर्मशाळा चालत. हा पैसा व्यापाऱ्याचे उत्पन्न धरायचा की नाही, यावरून प्राप्तिकर खात्याशी झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. धर्मादायाची रक्कम दानासाठीच बाजूला काढलेली असते, ती व्यापाऱ्याची कमाई नव्हे, असा निर्वाळा तेथे मिळाला. हिशेब लिहिण्यातच माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे रुग्णालयाच्या दारावर ‘धर्मादाय’ हा शब्द दिसला, की मला डॉक्टरांच्या आधी पट्टीवरची ती ओळ आठवते. कोणाकडून घेतले, कोणासाठी घेतले आणि पोहोचले का, एवढेच तीन प्रश्न तिला विचारायचे असतात.

महाराष्ट्रात विश्वस्त संस्थांनी चालवलेली चारशेहून अधिक रुग्णालये धर्मादाय आयुक्तांच्या कक्षेत येतात. त्यांत गल्लीतले प्रसूतिगृह आहे, तशी काचेच्या भिंतींची बहुमजली रुग्णालयेही आहेत. अशा संस्थांना समाजाने बरेच काही दिलेले असते. कोणाला नाममात्र भाड्याने सरकारी जमीन, कोणाला वाढीव चटईक्षेत्र, कोणाला अनुदान, आणि प्राप्तिकरातील सूट. या सवलती म्हणजे न गोळा केलेला कर. दान विश्वस्तांनी दिले हे खरेच, पण त्यात सरकारी तिजोरीचा, म्हणजे चहाच्या पुडीवर कर भरणाऱ्या माणसाचाही वाटा आहे.

त्या वाट्याची परतफेड म्हणून १९८५ मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० यात ‘४१ कक’ हे कलम घालण्यात आले. शासनाची मदत मिळालेल्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्यात, हा त्याचा गाभा. केंद्र सरकारनेही १९८८ मध्ये अशीच अट घातली होती. परदेशातून यंत्रे आणताना सीमाशुल्क माफ हवे असेल, तर बाह्यरुग्णांपैकी किमान ४० टक्क्यांना मोफत तपासा आणि दरमहा ५०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी दहा टक्के खाटा ठेवा. यंत्रे आली. पुढे ती सवलतच मागे घेतली गेली. अट मात्र सुटत नाही, ज्यांनी सवलत घेतली त्यांचे कर्तव्य चालूच राहते, असे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

आपल्याकडचे कलमही वीसेक वर्षे बहुतांशी कागदावरच राहिले. २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि ऑगस्ट २००६ मध्ये न्यायालयाने एक तपशीलवार योजना मंजूर केली. आज आपण ‘धर्मादाय योजना’ म्हणतो ती हीच. खाट, निवासी डॉक्टर, परिचर्या, नेहमीच्या तपासण्या आणि रुग्णालय जेवण देत असेल तर जेवण, हे निर्धन रुग्णाला विनामूल्य. औषधे, साहित्य, शरीरात बसवायचे भाग यांचा खर्च खरेदीच्या दराने लावायचा आणि तो ‘निर्धन रुग्ण निधी’तून भागवायचा. दुर्बल घटकातील रुग्णाने औषध-साहित्याचा निम्मा भार उचलायचा. तातडीच्या प्रसंगी रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचे, प्राण वाचवणारे उपचार सुरू करायचे आणि अनामत रक्कम मागायची नाही. २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर अनामत रकमेचा प्रश्न राज्यभर गाजला. त्या प्रकरणात दोष कोणाचा, हे ठरवणे या लेखाचे काम नाही. पण त्या आठवड्यात अनेक सुशिक्षितांनी मला विचारले, “असा काही नियम आहे का हो?” नियम तेव्हा एकोणीस वर्षांचा होत आला होता.

आता निधीकडे वळू, कारण सगळी गोम तेथे आहे. इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम रुग्णालयाने या निधीत जमा करायची असते. म्हणजे ही आडत्याच्या पट्टीवरचीच ओळ. तत्त्व चोख आहे, पण गणित मांडून पाहा. समजा, महानगरातील पाचशे खाटांच्या रुग्णालयाची वर्षाची बिले २०० कोटींची आहेत. निधी झाला चार कोटी, राखीव खाटा शंभर. एका खाटेमागे दिवसाला साधारण १,१०० रुपये. दुसरीकडे तालुक्याच्या गावातील पन्नास खाटांचे विश्वस्त रुग्णालय घ्या, बिले तीन कोटींची. निधी सहा लाख, राखीव खाटा दहा. एका खाटेमागे दिवसाला १६५ रुपये. आकडे मी कल्पिलेले आहेत, पण दोन टक्क्यांचा नियम त्यांना असाच फळतो. जिथे श्रीमंत रुग्ण जास्त, तिथे गरिबासाठी पैसा जास्त. आणि जिथे दहापैकी सात रुग्ण गरीब, तिथे निधी नावापुरता. प्रत्येक रुग्णालयाचा निधी स्वतंत्र असल्याने एकीकडची शिल्लक दुसरीकडच्या तुटीला उपयोगी पडत नाही.

रुग्णालयांची बाजूही ऐकायला हवी. १९८५ मध्ये खाट हे उपचाराचे माप होते. रुग्ण पंधरा-पंधरा दिवस पडून राहत, आणि खाट मिळाली की निम्मे काम झाले असे. आज हृदयात स्टेंट बसवलेला माणूस दोन-तीन दिवसांत घरी जातो. खाटेचा खर्च किरकोळ, स्टेंटचा आणि औषधांचा मोठा. काही मोजक्या महागड्या शस्त्रक्रियांत निधी आटतो आणि पुढच्याला “निधी संपला” हे उत्तर मिळते. हे उत्तर दर वेळी खोटे नसते. कायदा अजून खाटा मोजतो, खर्च मात्र खाटेवरून केव्हाच उठून गेला आहे. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांना तर खाट लागतच नाही. दिल्लीत सवलतीच्या दराने जमीन मिळालेल्या रुग्णालयांना दहा टक्के खाटांबरोबर २५ टक्के बाह्यरुग्णांनाही मोफत तपासावे लागते, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट कायम केली. आपल्याकडे बाह्यरुग्णांसाठी असे ठसठशीत माप का नसावे?

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे विमा. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढे महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव मिळालेली जन आरोग्य योजना आता पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. शिधापत्रिकेच्या रंगाची अटही तिने काढून टाकली आहे. तिचे मोल मी कमी लेखत नाही. पण ती ठरावीक उपचारांच्या यादीवर चालते. आजार यादीत हवा, रुग्णालय योजनेत हवे आणि बहुधा दाखल व्हायला हवे. देशाच्या आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून जात होते. २०२१-२२ मध्ये ते प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. घसरण मोठी आहे, तरी शंभरातले एकोणचाळीस रुपये अजून पदराला गाठ मारून ठेवलेल्या पैशांतूनच जातात. धर्मादाय योजनेला आजारांची यादी नाही, हे तिचे सर्वांत मोठे बळ. म्हणून एकीचे कारण सांगून दुसरी नाकारणे चुकीचे ठरते.

आणि एक बाब, जी फलकावर सहसा नसते. २००६ मध्ये निर्धनासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २५,००० रुपये होती. ती वाढत जाऊन आता १,८०,००० झाली आहे, दुर्बल घटकासाठी ३,६०,०००. म्हणजे कुटुंबाचे महिन्याचे पंधरा हजार आणि तीस हजार. इकडे केशरी शिधापत्रिकेची मर्यादा मात्र वार्षिक एक लाखाचीच. त्यामुळे दुकानात बारा-तेरा हजारांवर राबणाऱ्या माणसाच्या हाती पांढरे कार्ड असते. खिडकीवरचा कारकून कार्डाचा रंग पाहून मान हलवतो आणि मोफत उपचारांचा पुरेपूर हक्कदार असलेला माणूस सोने मोडायला सराफाकडे जातो. अशा वेळी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालतो. पण तो मिळायला दिवस लागतात आणि अपेंडिक्स तेवढे थांबत नाही. प्रत्येक घराने हा दाखला दरवर्षी, कोणी आजारी नसतानाच, काढून ठेवावा, असे मी भेटेल त्याला सांगतो. आपल्याकडे स्वयंपाकाला, वाहन चालवायला येणाऱ्यांना एवढे सांगणे अवघड नाही.

निधीबाबत माझे मागणे साधे आहे. जिल्ह्यातील, निदान महसूल विभागातील सर्व रुग्णालयांचे निधी एकत्र करावेत आणि खाटेऐवजी उपचारांच्या खर्चावर हिशेब ठेवावा. विश्वस्तांचा याला विरोध असेल. आपल्या रुग्णालयाचा पैसा दुसरीकडे का जावा, असे ते विचारतील. पण धर्मादायाची ओळ आडत्याची नसते, हे पूर्वीच ठरलेले आहे.

दुसरे मागणे त्याहून लहान. निधीत किती जमा झाले, किती रुग्णांवर किती खर्चले, किती शिल्लक, हे रकाने मी पाहिलेल्या विवरणपत्रांत होते. किती जण विचारायला आले आणि किती जणांना कोणते कारण सांगून परत पाठवले, हा रकाना एकातही नव्हता. तो येत्या एप्रिलपासून घालायला ना कायदा बदलावा लागतो, ना पैसा लागतो.