बोटांच्या पेरांना आधी जेल, मग गोळी

गेल्या आठवड्यात आमवात आणि झिजेचा संधिवात यांतला फरक आपण पाहिला. झिजेच्या संधिवाताने हाताची बोटं धरली, तर औषध कोणतं घ्यायचं, हा आजचा विषय. नखाजवळच्या पेरावर टणक गाठ येते, बोट किंचित वाकडं होतं, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. बरणीचं झाकण उघडणं, कुलपात किल्ली फिरवणं जिवावर येतं. पन्नाशीपुढच्या बायकांत हे जास्त आढळतं आणि ‘वयाचं आहे, चालायचंच’ म्हणून घरात कुणी मनावर घेत नाही, याचं फार वाईट वाटतं.

झिजेचा संधिवात किती पसरलेला आहे, याची पक्की नोंद आपल्याच पुणे जिल्ह्यात झाली. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने १९९६मध्ये सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये घरोघर पाहणी सुरू झाली. चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचं दुखणं होतं. आमवात निघाला अर्धा टक्का. सगळ्या सांध्यांचा मिळून झिजेचा संधिवात जवळपास ६ टक्के.

आता औषध. झिजेच्या संधिवातात नुसती कूर्चा झिजत नाही, सांध्याचं अस्तरही सुजतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, म्हणून सूज आणि वेदना उतरते. पण हेच द्रव्य जठराचं अस्तर सांभाळतं आणि किडनीचा रक्तपुरवठा राखतं. गोळी पोटात गेली की तिथलंही संरक्षण कमी होतं.

बोटाचा सांधा कातडीच्या लगेच खाली असतो. म्हणून इथे डायक्लोफिनॅकचं जेल पहिलं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१८च्या शिफारशीही हेच सांगतात. जेलमधलं औषध रक्तात फार थोडं उतरतं. मात्र आपल्याकडे ते वाया कसं जातं, ते पाहा. सकाळी जेल चोळलं, पाच मिनिटांत कणीक तिंबायला घेतली किंवा भांडी घासली, की औषध मोरीत गेलं. लावल्यावर तासभर हात धुवायचे नाहीत. त्यामुळे स्वयंपाक उरकल्यावर आणि रात्री निजताना लावणं सोयीचं. डोळ्यांना मात्र तो हात लावू नका.

एवढ्याने भागलं नाही, तर गोळी. कमीत कमी मात्रा, थोडे दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्याने. एका पाकिटावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरं आणि आत दोन्हीकडे एसिक्लोफिनॅक हे एकच वेदनाशामक, असं सर्रास घडतं आणि नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. बीपीची काही औषधं आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना त्यात ही वेदनाशामक गोळी पडली, तर किडनीला दगा होऊ शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

सूज फारच असेल तर स्टेरॉइड? नेदरलँड्समध्ये ९२ रुग्णांवर झालेल्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सहा आठवडे दिल्यावर वेदना स्पष्ट कमी झाली. औषध थांबल्यावर तो फरक उरला नाही. म्हणजे भडका उडाला असताना थोड्या काळापुरता हा उपाय आहे. वर्षानुवर्षं घ्यायचं औषध नव्हे. आमवातात देतात त्या औषधांपैकी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत उपयोग दिसला नाही. मेथोट्रेक्सेटने ऑस्ट्रेलियात सुजलेल्या सांध्यांना मध्यम आराम दिला, पण ते आठवड्यातून एकदाच आणि रक्ततपासण्यांसह घ्यायचं औषध आहे.

‘आयुर्वेदिक घेतलं तर?’ हा प्रश्न हमखास येतो. डॉ. चोप्रा यांच्याच नेतृत्वाखाली गुडघ्याच्या संधिवातावर ४४० रुग्णांची चाचणी झाली. सुंठ, गुळवेल वगैरेंची औषधं सेलेकॉक्सिब या वेदनाशामकाच्या तोडीची ठरली, पण काहींच्या यकृताच्या तपासणीत आकडे वाढलेले दिसले. ती गुडघ्याची चाचणी होती, बोटांची नव्हे. आणि आयुर्वेदिक औषध घेतानाही तपासणी लागतेच.

वाचकांना एकच विनंती. डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, काढे आणि मलमं पिशवीत घालून सोबत न्या आणि त्यांच्या टेबलावर मांडा. पुढच्या आठवड्यात अंगठ्याचा पट्टा आणि हाताचे व्यायाम.