मुलगा इस्टेट एजंट व्हायचं म्हणतो? आधी हे गुण तपासा

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. कुणाला डिप्लोमाचं विचारायचं असतं, कुणाला भाच्याला दुबईला पाठवण्याआधी एखादा कोर्स हवा असतो. अलीकडे एक नवा प्रश्न वाढलाय. परवा एका विद्यार्थ्याचे वालिद आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "सर, पोरगा म्हणतो इस्टेट एजंट होणार. आमच्या खानदानात कुणी दलाली केली नाही. चांगल्या घरच्या पोराने हे काम करावं का?"

आम्ही त्यांना उलट विचारलं, "तुम्ही मुंब्र्याला फ्लॅट घेतलात, तेव्हा कोणावर भरवसा ठेवला होता?" ते हसले. म्हणाले, "एजंटवरच. मी तर तेव्हा कुवेतला होतो."

आमचा भाग कोकणातला. इथे बाप आखातात, आई गावी आणि घराचा व्यवहार मुंब्रा, पनवेल नाहीतर रत्नागिरीत, हे चित्र नवीन नाही. वीस वर्षं उन्हात राबून जमवलेला पैसा एका फोनवर, एका माणसाच्या शब्दावर दिला जातो. तो माणूस म्हणजे एजंट. म्हणून 'हे काम चांगलं की वाईट' यापेक्षा 'हे काम करणारा कसा असावा' हा प्रश्न आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी काम समजून घेऊ

एजंट घराचा मालक नसतो, बिल्डरही नसतो. घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला समोरासमोर आणणं, जागा दाखवणं, कागदपत्रं जुळवणं, भाव ठरवताना मध्ये उभं राहणं आणि शेवटी दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंद होईपर्यंत सोबत राहणं, हे त्याचं काम. आपल्याकडे विक्रीत साधारण १ ते २ टक्के आणि भाड्याच्या घरात एक महिन्याचं भाडं अशी दलालीची रीत आहे. व्यवहार झाला तर पैसे, नाहीतर पेट्रोल आपल्या खिशातलं.

मुलांना वाटतं की यात गोड बोलता आलं की झालं. आमचा अनुभव वेगळा आहे. आमचे काही माजी विद्यार्थी या लाईनमध्ये आहेत. जे टिकले, ते वर्गात सगळ्यात जास्त बोलणारे नव्हते.

ऐकण्याची सवय

पहिला गुण ऐकण्याचा. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "टू बीएचके दाखवा." कच्चा एजंट लगेच गाडी काढतो आणि एका दिवसात आठ घरं दाखवून सगळ्यांना दमवतो. समजदार एजंट आधी दहा मिनिटं विचारपूस करतो. घरात म्हातारं कुणी आहे का? गुडघे दुखत असतील तर लिफ्टशिवाय तिसरा मजला काय कामाचा? मुलांची शाळा कुठली, मराठी की उर्दू माध्यम? कामाला लोकलने जाता की बाईकने? पगारातून महिन्याला किती बाजूला पडतात?

या प्रश्नांची खरी उत्तरं पुष्कळदा पुरुषांकडे नसतात, घरातल्या बाईकडे असतात. पाणी किती वाजता येतं, कपडे कुठे वाळत घालायचे, संध्याकाळी जिना अंधारा असतो का, हे तीच विचारते. तिचा प्रश्न हसण्यावारी नेणारा एजंट अर्धा व्यवहार तिथेच घालवतो.

कागद वाचण्याचा कंटाळा नको

दुसरा गुण अभ्यासाचा. मुलं इथे नाक मुरडतात, पण या धंद्यात वाचन शाळेपेक्षा जास्त आहे.

जमीन असेल तर सातबारा. त्यावर मालक कोण, क्षेत्र किती, भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, आणि 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलंय, हे चार मुद्दे तरी वाचता आलेच पाहिजेत. बँकेचा बोजा, कुळाची नोंद अशा गोष्टी तिथेच सापडतात. जमीन वर्ग २ ची असेल तर विक्रीला सरकारी परवानगीचा प्रश्न येतो. जमीन वक्फची असेल तर ती इतर जमिनीसारखी विकताच येत नाही. शेतजमीन महाराष्ट्रात साधारणपणे शेतकरीच विकत घेऊ शकतो. सातबारा हा महसुली कागद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे, हेही एजंटला माहीत हवं. म्हणून मागचे फेरफार आणि जुने दस्त पाहावे लागतात आणि शंका असेल तिथे वकिलाकडे जावं लागतं.

शहरात सातबाऱ्याच्या जागी पुष्कळ ठिकाणी मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड असतं. फ्लॅट असेल तर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आहे का, इमारत पूर्ण असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय का, आणि सांगितलेलं क्षेत्र चटई क्षेत्र आहे की जिना-लॉबी धरून फुगवलेलं, हे पाहायचं. भाड्याच्या घरातही एक गैरसमज आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही असं लोक छातीठोक सांगतात. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो.

अभ्यास असेल तर गिऱ्हाइकाचा फायदाही होतो. राहतं घर फक्त बाईच्या नावावर खरेदी केलं तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ५० लाखांच्या घरात हे ५० हजार रुपये होतात. हे आपणहून सांगणारा एजंट ते कुटुंब विसरत नाही.

बहिणीचा हिस्सा विचारण्याची हिंमत

ही बाब आपल्या घरांची आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो.

वडील गेले. मागे आई, दोन भाऊ आणि एक बहीण. भाऊ एजंटला बोलावून म्हणतात, "घर विकायचंय, ४० लाख आले पाहिजेत." बहिणीचं नाव कुणी काढत नाही. विचारलं तर उत्तर येतं, "तिचं लग्न झालं, तिला काही नको."

हिशेब मात्र स्पष्ट आहे. कर्ज आणि वसियत भागवून, आणि वारलेल्याचे आई-वडील हयात नसतील तर, विधवेचा आठवा हिस्सा म्हणजे ५ लाख. उरलेल्या ३५ लाखांत मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक वाटा. म्हणजे दोन्ही भावांना १४-१४ लाख आणि बहिणीला ७ लाख. हा हक्क वडिलांच्या इंतकालाबरोबरच लागू झालेला असतो. भावांनी तो द्यायचा की नाही असा प्रश्नच नसतो.

भाऊ नाराज होतील, काम दुसऱ्याला देतील, या भीतीने एजंट गप्प बसला तर काय होतं? पाच वर्षांनी बहीण किंवा तिची मुलं कोर्टात जातात आणि ज्याने घर घेतलं तो बिचारा अडकतो. कोकणात तर एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात. कुणी मुंबईत, कुणी कतारमध्ये. तिथे आधी वारस नोंद झालीय का ते पाहायचं. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या किंवा परदेशातल्यांचं मुखत्यारपत्र घ्यायचं. बहिणीला खरंच हिस्सा नको असेल तर तिच्याच तोंडून ऐकायचं आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्यायचं. "भाईजान, आपाला एकदा विचारून घेऊ" हे एक वाक्य अदबीने बोलता आलं पाहिजे. आमच्या मते या धंद्यातली ही सगळ्यात अवघड परीक्षा आहे.

"नाही" म्हणता आलं पाहिजे

४ एप्रिल २०१३ हा दिवस मुंब्र्याच्या लोकांना सांगावा लागत नाही. शिळफाट्याजवळ बेकायदा बांधली जाणारी इमारत कोसळली आणि ७४ जणांचा जीव गेला. काम चालू असतानाच तिथे कुटुंबं राहायला आली होती. अशी इमारत बांधणारा दोषी असतोच. पण अशा घरांकडे गरजू माणसाला नेणारं आणि "सगळं क्लिअर आहे" म्हणणारंही कुणीतरी असतं.

आमचा एक माजी विद्यार्थी जवळच्या शहरात हे काम करतो. सौदीत ड्रायव्हर असलेल्या एका गृहस्थाला एक स्वस्त फ्लॅट आवडला होता. बिल्डरने या मुलाला नेहमीच्या दुप्पट दलाली कबूल केली. मुलाने प्रारंभ प्रमाणपत्र मागितलं, महारेरा नोंदणी क्रमांक मागितला. दोन्ही "येतायत" असं उत्तर मिळालं. त्याने गिऱ्हाइकाला सरळ सांगितलं, "चाचा, टोकन देऊ नका." चाचा रागावले, दुसऱ्या एजंटकडून तोच फ्लॅट घेतला. पुढे काम बंद पडलं आणि पैसे आजही अडकलेत. चाचांनी या मुलाला कधी शुक्रिया म्हटलं नाही. पण त्यांच्या साल्याला घर घ्यायचं होतं, तेव्हा तो मुलाचा नंबर शोधत आला.

नोकरीत चुकीला वरिष्ठ अडवतात. इथे अडवणारं कुणी नसतं. हातातली दलाली सोडायची ताकद आपल्या आतूनच यावी लागते.

घर नाकारलं जातं तेव्हा

आपल्या लोकांना भाड्याचं घर शोधताना काय ऐकावं लागतं, ते नव्याने सांगायला नको. फोनवर सगळं ठरतं आणि नाव सांगितलं की "अरे, ते घर कालच गेलं." अशा वेळी एजंटचा स्वभाव कळतो. चांगला एजंट मालकाशी आणि सोसायटीशी आधीच स्पष्ट बोलून घेतो, मगच कुटुंबाला घर दाखवायला नेतो. बायका-मुलांसमोर दारातून परत फिरायची वेळ तो आणत नाही. नाव लपवा, खोटं सांगा असले सल्लेही देत नाही. आणि मालकाला समजावून पाहतो: माणूस कुठे कामाला आहे, आधीच्या मालकाचं त्याच्याबद्दल मत काय, करार नोंदणीकृत होणार, पोलिसांना माहिती दिली जाणार. दहांत एक मालक ऐकला तरी एका घराचा प्रश्न सुटतो.

आपल्याच वस्तीतला एजंट या अडचणीचा फायदा घेऊन भाडं वाढवून सांगत असेल, तर मात्र त्याच्यात आणि नाकारणाऱ्यात फारसा फरक उरत नाही.

सब्र आणि वही

पहिले सहा-आठ महिने एकही व्यवहार होणार नाही अशी तयारी ठेवा. घरात दुसरी कमाई हवी किंवा थोडी बचत हवी. नाहीतर पोटासाठी पोरगा पहिल्याच चुकीच्या व्यवहाराला हो म्हणतो. एखादा महिना दोन लाख मिळतात, मग चार महिने काही नाही. ते दोन लाख हप्त्याच्या बाईकमध्ये घालवणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

सोबत एक वही ठेवावी. कोण भेटलं, काय हवं म्हणालं, पुन्हा कधी फोन करायचा, कुणाचं किती टोकन कुणाला दिलं. टोकनचा पैसा ही अमानत आहे. तो आपल्या खात्यात दोन दिवससुद्धा फिरवायचा नाही, आणि पावतीशिवाय रोख घ्यायची नाही.

कायद्याची पायरी

रेरा कायदा २०१६ चा, महाराष्ट्रात महारेराचं काम २०१७ पासून चालू आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि ८ पेक्षा जास्त फ्लॅट असलेला नवा प्रकल्प महारेरात नोंदवावा लागतो, आणि असे फ्लॅट विकणाऱ्या एजंटलाही स्वतःची नोंदणी करावी लागते. ही नोंदणी ५ वर्षांची असते. २०२३ मध्ये महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. नोंदणीशिवाय काम केलं तर दिवसाला १० हजार रुपये, आणि एकूण त्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

गिऱ्हाइकाच्या कामाचा एक नियम इथेच सांगून ठेवतो. विक्री करार नोंदवण्याआधी बिल्डर घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. आखातात बसलेल्या प्रत्येक बापाला हे माहीत असावं, आणि ते सांगायचं काम एजंटचं.

त्या वालिदना आम्ही शेवटी इतकंच सांगितलं: पोराला दुकानात सामान आणायला पाठवलं आणि दुकानदाराने चुकून वीस रुपये जास्त परत दिले, तर तो काय करतो ते आठवा. घरी भांडण झालं तर दोघांचं ऐकून घेतो का, तेही आठवा. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वीस रुपये तो परत देऊन येईल सर. वाचायचा मात्र कंटाळा आहे."

आम्ही म्हणालो, "मग घाई नको. पुढच्या महिन्यात आधी तुमच्याच घराचा सातबारा त्याच्या हातात द्या. त्यात काय लिहिलंय ते त्याने तुम्हाला समजावून सांगितलं, की मग त्याला आमच्याकडे पाठवा."