भर जूनमध्ये सूर्य उत्तरेला! एचएसआरच्या उन्हाच्या सात गमती

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये घर बघताना पाण्याची चौकशी सगळेच करतात. उन्हाचीही जरूर करावी. पृथ्वीचा अक्ष २३.४ अंशांनी कललेला आहे आणि त्या कलण्याचा हिशेब इथल्या प्रत्येक गच्चीवर रोज मांडला जातो.

१. थंडीत सूर्य जवळ!
जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असतो, तर जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटींवर. म्हणजे स्वेटर घालायच्या दिवसांत तो ५० लाख किलोमीटर जवळ येतो आणि पृथ्वीला जुलैपेक्षा जवळजवळ ७ टक्के जास्त ऊन मिळतं. तरीही आपल्याकडे थंडीच पडते. ऋतू ठरतात ते अंतरावर नाही, अक्षाच्या कलण्यावर.

२. लंडनला पाव वाटा
२१ डिसेंबरच्या मध्यान्ही एचएसआरमध्ये सूर्य क्षितिजापासून ५४ अंश वर असतो, लंडनमध्ये जेमतेम १५ अंश. तिरपं ऊन जास्त जागेवर पसरतं. त्यामुळे डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत एचएसआरच्या सपाट गच्चीला त्या क्षणी ८० टक्के ऊन मिळतं, लंडनच्या गच्चीला फक्त पाव हिस्सा. दिवसाचंही तसंच. एचएसआरमधल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात फरक दीड तासाचा, लंडनमध्ये साडेआठ तासांहून अधिक.

३. उत्तरेची गॅलरी तापते
२४ एप्रिल ते १८ ऑगस्ट या काळात एचएसआरमध्ये दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. २१ जूनला एक मीटरची काठी उभी करा. मध्यान्ही तिची सावली दक्षिणेला पडेल, सुमारे १९ सेंटिमीटर. डिसेंबरच्या अखेरीस तीच सावली उत्तरेला ७४ सेंटिमीटर! कुंड्या कुठल्या गॅलरीत ठेवायच्या, हे यावरून ठरवा.

४. उकाडा मेमध्ये नाही, एप्रिलमध्ये
नागपूर मे महिन्यात भाजून निघतं. बंगळुरूचा सर्वांत उष्ण महिना एप्रिल. तेव्हा सूर्य माथ्यावर, आकाश बरंचसं निरभ्र आणि जमीन कोरडी. एप्रिल २०१६ मध्ये शहरात पारा ३९.२ अंशांवर गेला होता. पुढे वळीव आणि मग मोसमी ढग उन्हाला अडवतात. शिवाय शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच, त्यामुळे हवा मुळातच गार.

५. नंदीची शिंगं, अंबाबाईचे चरण
बंगळुरूच्या गवी गंगाधरेश्वर मंदिरात संक्रांतीला मावळतीचं ऊन नंदीच्या शिंगांमधून शिवलिंगावर पोचतं. मावळतीची किरणं अंबाबाईच्या चरणांपर्यंत पोचण्याचा कोल्हापूरचा किरणोत्सव तर वर्षातून दोनदा, नोव्हेंबरच्या ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. दोनदा का? २१ डिसेंबरच्या आधी आणि नंतर सारख्याच दिवसांच्या अंतरावर सूर्य पुन्हा त्याच जागी मावळतो. याच न्यायाने गवी गंगाधरेश्वराचा योगही नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा जुळतो.

६. संक्रांत पुढे सरकते आहे
सूर्य प्रत्यक्षात उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. तिळगूळ मात्र १४-१५ जानेवारीला. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो आणि त्याची एक फेरी सुमारे २६ हजार वर्षांत पूर्ण होते. आपली पंचांगं संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात. म्हणून साधारण दर ७२ वर्षांनी ती इंग्रजी तारखेच्या एक दिवस पुढे जाते.

७. सावली गायब, तीही दोनदा
एचएसआर १२.९ उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून २४ एप्रिलच्या आसपास दुपारी १२.१८ च्या सुमारास आणि १८ ऑगस्टच्या आसपास १२.२३ च्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच लपते. बाराला का नाही? भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची, एचएसआर त्याच्या जवळजवळ पाच अंश पश्चिमेला. मुंबईला हा योग मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस येतो. दिल्लीला कधीच नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

तेव्हा येत्या २४ एप्रिलला बाराच्या सुमारास सोसायटीतल्या मुलांना गच्चीवर न्या, स्टीलचा पेला उपडा ठेवा आणि दर पाच मिनिटांनी खडूने सावलीची खूण करा. ढग आले तर ऑगस्टची दुसरी संधी आहेच!